रिपोर्टातल्या त्या दोन ओळी

बायॉप्सीचा रिपोर्ट हाती येतो. ‘कॅन्सर’ हा शब्द वाचला की घरातल्यांची नजर तिथेच थिजते. पण त्याच कागदावर, बऱ्याचदा अगदी खाली, आणखी दोन ओळी असतात. ईआर आणि पीआर. त्यापुढे पॉझिटिव्ह लिहिलंय की निगेटिव्ह? एरवी ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की काळजात धस्स होतं. इथे मात्र उलटं! ईआर पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टरांच्या हाती एक जादा हत्यार येतं.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. स्त्रीच्या रक्तातून फिरणारी ही दोन हार्मोन्स पेशीतल्या ज्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, ते हे रिसेप्टर. कॅन्सरची पेशी इस्ट्रोजेनवर पोसली जात असेल, तर तिची ही रसद तोडता येते. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने १८९६ साली बीजकोश काढून स्तनातल्या गाठी आक्रसतात हे दाखवलं, तेव्हा ‘हार्मोन’ हा शब्दही जन्मला नव्हता. आज ते काम टॅमॉक्सिफेनची गोळी करते. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांनी ती पाच वर्षं नियमित घेतली, तर पुढच्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. रिसेप्टरच नसेल तर ही गोळी निरुपयोगी.

मग एका पेशीत रिसेप्टर भरपूर आणि दुसरीत औषधालाही नाही, असं का? हे ठरवतं कोण?

या कोड्याची उकल करायला एका जोगिणीची मदत झाली. १९७० साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये स्तनाच्या कॅन्सरने आजारी असलेल्या एका ख्रिस्ती संन्यासिनीच्या छातीतलं पाणी काढण्यात आलं. त्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात जगल्या. ती बाई गेली, पण ‘एमसीएफ-७’ नावाने तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. त्यांच्यावर १९७८ साली हॉर्विट्झ आणि मॅग्वायर यांनी दाखवून दिलं की इस्ट्रोजेन दिलं की पेशी प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर तयार करू लागते. म्हणजे पीआर सापडला, तर ईआर नुसता हजर नाही, कामही करतोय! शितावरून भाताची परीक्षा, तसंच हे.

गंमत म्हणजे इस्ट्रोजेन चिकटल्यावर ईआर स्वतः मोडीतही निघतो. काम झालं की पेशी त्याची विल्हेवाट लावते. काही गाठींत तर ईआरच्या जनुकावर मिथाइलचे रासायनिक टिकले बसतात आणि जनुक मुकं होतं. जनुक शाबूत, पण रिपोर्ट निगेटिव्ह.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईत येतो. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे हजार स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन दिलं. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्या स्त्रिया मिळून पाहिलं तर ठोस फरक नव्हता. पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या स्त्रियांत, पाच वर्षांनी रोगमुक्त असणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शनविना ५४.७ टक्के होतं, ते इंजेक्शन घेतलेल्यांत ६५.३ टक्के भरलं. एका गटापुरता हा निकाल असल्याने तो सर्वमान्य उपचार झालेला नाही, हेही सांगायला हवं.

पण प्रोजेस्टेरॉन पेशीत नेमकं करतं काय? टाटाच्याच खारघर इथल्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ केंद्राने शोध घेतला. २०१७ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की प्रोजेस्टेरॉन दिल्यावर पेशीत ‘एमआयआर-१२९-२’ नावाचा मायक्रो-आरएनए वाढतो आणि तोच पीआरला खाली खेचतो. जनुकाकडून प्रथिन बनवण्याची चिठ्ठी निघते. मायक्रो-आरएनए हा चिमुकला तुकडा वाटेतच त्या चिठ्ठीला चिकटून ती निकामी करतो. त्याला अडवलं, तर पीआरची घसरण थांबते. म्हणजे हार्मोनच आपल्या रिसेप्टरची संख्या आवरतं! मायक्रो-आरएनएच्या मूळ शोधाला २०२४ सालचं नोबेल मिळालं.

रिसेप्टर असे कमी-जास्त होत असल्यानेच, रोग काही वर्षांनी दुसरीकडे उलटला तर शक्य तिथे डॉक्टर पुन्हा बायॉप्सी सुचवतात. ‘एकदा सुई टोचली ना, आता परत कशाला?’ असं घरच्यांनी म्हणू नये. पहिल्या वेळचा पॉझिटिव्ह रिसेप्टर आता नाहीसा झालेला असू शकतो.

आणि एक साधी, पण फार महागात पडणारी गोष्ट. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडली पाहिजे आणि त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहिली पाहिजे. उशीर झाला तर रिसेप्टर विरतात आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह ठरते. एक टक्का पेशींत जरी ईआर दिसला तरी तो पॉझिटिव्ह धरतात, इतका हा हिशेब नाजूक. गाव कराड असो की कुंभकोणम, नमुना मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जाणार असेल, तर तो फॉर्मालिनमध्ये किती वाजता टाकला ते बाटलीवर लिहिलंय का, एवढं नातेवाइकांनी जरूर विचारावं.