पारनेरच्या शिवारातला पोकलेन

दिवाळी अंकाच्या संपादकांना हवा होता महाकाय रोबोटवरचा लेख. जपानी कार्टून मालिकांत असतो तसला. चारपाच मजली उंची, छातीत किंवा डोक्यात बसलेला पोरगेलासा चालक आणि त्याने दांडा हलवला की उचलला जाणारा राक्षसी हात. ‘आणि उदाहरण आपल्या मुलुखातलं शोधा,’ एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. नगरकराला हे सांगितलं की तो आधी रणगाडा संग्रहालयाकडे बोट दाखवतो. १९९४ पासून ते शहराच्या अभिमानाचा भाग आहे, यात वाद नाही. पण तिथले रणगाडे उभे आहेत. मला चालतं यंत्र हवं होतं, आत माणूस असलेलं. म्हणून पुणे-नगर रस्त्याला लागलो आणि वाडेगव्हाणच्या फाट्यावरून राळेगणसिद्धीकडे वळलो.

राळेगण हे गाव हातांसाठी प्रसिद्ध आहे, यंत्रांसाठी नव्हे. तरीही तिथेच जायचं होतं, कारण यंत्राने काय बदललं हे हातांनी घडवलेल्या गावाच्या आसपासच नीट दिसतं. गावाचा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे, तेव्हा तो भराभर सांगतो. पाऊस साधारण चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारेंनी आधी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला. मग दुष्काळी कामात बांधलेला, पण पाणी न धरणारा पाझर तलाव गावकऱ्यांनी श्रमदानाने दुरुस्त केला. खालच्या विहिरींना पाणी आलं, लोकांचा विश्वास बसला. पुढे समतल चर, नालाबांध, झाडं. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री. पुरंदरच्या विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीपासून घेतलेले धडे. १९९० मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये पद्मभूषण. या सगळ्यात एक गोष्ट जाता जाता सांगितली जाते: अण्णा लष्करात ट्रक चालवत. १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर ते स्टिअरिंगवरच होते. आदर्श गावाची गोष्टही एका ड्रायव्हरपासून सुरू होते, हे माझ्या विषयाला सोयीचं होतं.

आता जरा जपानकडे. १९५६ मध्ये मित्सुतेरू योकोयामांनी चित्रकथेत आणलेला ‘तेत्सुजिन २८’ हा रोबोट बाहेरून, रिमोटने चालायचा. रिमोट ज्याच्या हाती, रोबोट त्याचा. चालकाला थेट आत बसवण्याची चाल गो नागाईंच्या ‘माझिंगर झेड’ने रूढ केली. तिची मालिका डिसेंबर १९७२ मध्ये सुरू झाली. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच महिन्यात महाराष्ट्रात लाखो माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. १९७९ मध्ये योशियुकी तोमिनोंची ‘गुंडम’ आली आणि रोबोट ही युद्धात झिजणारी, दुरुस्त करावी लागणारी वस्तू झाली. मला मात्र सगळ्यांत जवळची वाटते ती १९८८ ची ‘पॅटलेबर’. तिच्यात महाकाय रोबोट जन्माला येतात ते मातीकामासाठी. टोकियोच्या उपसागरात भराव टाकायचा असतो, त्यासाठी ‘लेबर’ नावाची चालकासह यंत्रं कामाला लावली जातात आणि त्यांचा गैरवापर होऊ लागल्यावर पोलिसांनाही तसलीच यंत्रं घ्यावी लागतात. नायिका आपल्या रोबोटला ‘अल्फॉन्स’ म्हणून हाक मारते.

प्रत्यक्षातले रोबोट अजून नाजूकच. योकोहामाच्या धक्क्यावर १८ मीटरचा गुंडम २०२० च्या डिसेंबरपासून २०२४ च्या मार्चपर्यंत हातपाय हलवून दाखवत होता, पण आधाराच्या खांबाला धरून. २०२३ मध्ये एका जपानी कंपनीने साडेचार मीटर उंचीचा, आत बसून चालवायचा ‘आर्काक्स’ विक्रीला काढला. किंमत कोट्यवधी रुपये, उपयोग मुख्यतः हौस. कामाचा म्हणावा असा एक आहे: २०२४ पासून पश्चिम जपानच्या रेल्वेत ओव्हरहेड तारांच्या कामाला लागलेला. १२ मीटर उंचीवर तो ४० किलोपर्यंतचं वजन धरतो आणि त्याचा चालक खाली गाडीत गॉगल लावून बसतो.

चाळीस किलो! पारनेरच्या शिवारात माझ्यासमोर जे उभं होतं, ते एका घासात टनाहून जास्त मुरूम उचलत होतं.

पोकलेन. ज्याला कागदोपत्री हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर म्हणतात आणि ज्याच्यावर आज टाटा हिताची, कोमात्सू, ह्युंदाई असं काहीही लिहिलेलं असलं तरी गावात पोकलेनच म्हणतात. पोकलेन ही फ्रान्समधली कंपनी. तिच्या सहकार्याने लार्सन अँड टुब्रोने १९७० च्या दशकात ही यंत्रं भारतात आणली, तेव्हापासून नाव चिकटलं. चार चाकांचा, पुढे लोडर आणि मागे छोटा हात असलेला तो जेसीबी. हा त्याच्याहून थोर: वीस टनांच्या घरातलं धूड, पायांऐवजी लोखंडी चेन आणि सलग एकच हात. त्या हाताला खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे. बूम, आर्म, बकेट.

राळेगणच्या पुढे, एका पाझर तलावातला गाळ काढण्याचं काम चाललं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत. सरकारी योजनेत यंत्राच्या खर्चाला हात मिळतो, गाळ शेतकऱ्याने न्यायचा. ऑपरेटर आष्टीकडचा, तिशीतला. मी काठावर बराच वेळ रेंगाळलेला पाहून त्याने जेवणाच्या सुट्टीत वर बोलावलं. “या सर, बसून बघा. बंद हाय, घाबरू नका.”

केबिनमध्ये एकच सीट. दोन्ही हातांशी एकेक दांडा, पायाशी चालण्याची दोन पेडलं. डावा दांडा आडवा हलवला की अख्खं वरचं धड फिरतं. पुढे-मागे केला की कोपर लांबतो, आखडतो. उजवा दांडा मागे ओढला की खांदा वर, पुढे ढकलला की खाली. आडवा केला की बकेट वळते, उलटते. एवढंच. शिकायला एक दिवस पुरेल, असं मला वाटलं. “इसरायला एक दिवस लागतो,” तो म्हणाला. “शिकायला दोन वरसं हेल्परकी केली. पिन-बुशला ग्रीस मार, काचा पुस, डिझेल गाळून टाक. दांडा हातात देत न्हाईत लवकर.”

दांडा मऊ असतो, ही पहिली आश्चर्याची गोष्ट. वीस टनांचं यंत्र हलवणारा दांडा दोन बोटांनी सरकतो, कारण दांड्याला लागून असतं ते कमी दाबाचं तेल. ते मुख्य व्हॉल्व्हला फक्त वर्दी देतं. मग इंजिनवर फिरणारा पंप, वातावरणाच्या तीनशे पटींहून जास्त दाबाने, खरं तेल सिलिंडरमध्ये सोडतो. जमिनीचा कडकपणा दांड्यापर्यंत पोचतच नाही. चालकाला कळणार कसं की दात कशावर घासताहेत?

“आवाजावर,” तो म्हणाला, आणि काम सुरू झाल्यावर मी काठावरून ऐकलं. गाळात बकेट शिरली की इंजिन जवळपास गप्प असतं. पांढरी माती लागली की हलका घोगरेपणा. मुरमाला खरखर. मग एका ठिकाणी दातांनी किर्र केलं, इंजिनचा सूर खाली बसला आणि चेनची पुढची बाजू जमिनीपासून वीतभर उचलली गेली. त्याने तत्क्षणी हात सैल सोडला. कातळ. पुढच्या फेरीत त्याने तीच बकेट बांधाच्या कडेला नेली. तिथे दगडी पिचिंगमध्ये बाभळीचं खोड अडकलं होतं. दोन दातांच्या फटीत ते धरून, शेजारचा एकही दगड न हलवता उपटून काढलं आणि अलगद बाजूला ठेवलं. कार्टूनमधला कुठलाही रोबोट इमारत पाडताना पाहिला, तरी मला एवढा आनंद झाला नव्हता.

पण मी खरा अडकलो तो कमरेपाशी. वरचं धड खालच्या चेनवर एकाच दिशेने कितीही वेळा फिरतं. इंजिन, पंप, व्हॉल्व्ह सगळं वर. चालवणाऱ्या मोटरी खाली, चेनच्या टोकाला. मग वरून खाली जाणाऱ्या तेलाच्या नळ्या पिळवटून तुटत कशा नाहीत? त्याचं उत्तर बरोबर मध्यभागी, गर्रकन फिरणाऱ्या चकतीच्या पोटात लपलेलं असतं: सेंटर जॉइंट. एकात एक बसवलेले दोन लोखंडी दंडगोल. एकाच्या अंगावर एकाखाली एक गोल खाचा कोरलेल्या. प्रत्येक खाचेतून वेगळं तेल जातं, आणि दोन खाचांमध्ये तेल मिसळू नये म्हणून सीलचं कडं. वरचा भाग हवा तेवढा फिरो, छिद्रासमोर खाच असतेच, तेल जात राहतं. माणसाच्या कमरेला ही सोय नाही. दिवसभर या सीटवर हिसके खाल्लेल्या ऑपरेटरच्या कमरेला तर नाहीच.

सील झिजलं की तेल एका खाचेतून दुसरीत गळतं. यंत्र खोदतं झकास, पण चालताना एका बाजूला ओढू लागतं. असलं दुखणं शोधायला वरचा फिटर लागतो, आणि तोवर अवरमीटर बंद. पोकलेनचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. भाडं तासावर, ऑइल बदलणं तासावर, यंत्राची जुनी किंमत तासावर. चालणारा प्रत्येक तास मालकाला हवा असतो. इथून माझी काळजी सुरू झाली.

श्रमदानाचे गोडवे गाणारं लिखाण मला फारसं पटत नाही. टिकाव-फावड्याने चर खोदणं म्हणजे पाठ मोडणारं काम. त्यातलं पाट्या वाहण्याचं काम बहुतेक ठिकाणी बायकांच्याच डोक्यावर येतं, आणि ज्यांना जमीन नाही त्यांनी दुसऱ्याच्या विहिरीला पाणी यावं म्हणून घाम गाळायचा, हा प्रश्न आदर्श गावांनाही चुकलेला नाही. यंत्राने ती पाठ सोडवली, हे चांगलंच झालं. पण टिकावाला एक मर्यादा आपसूक होती. मुरूम संपून कातळ लागला की माणूस थांबायचा. खोली किती, हे कुणाला ठरवावंच लागत नव्हतं. शरीर ठरवत होतं. पोकलेनला ब्रेकर लावला की कातळही फुटतो, आणि मग कुठे थांबायचं ते कुणीतरी सांगावं लागतं.

दख्खनचा खडक थराथराचा आहे. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण. पाणी मुरतं आणि साठतं ते मुख्यतः झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. त्यातूनच विहिरींना झरे फुटतात. गाळ काढून तलावाचा मूळ तळ मोकळा केला तर पाणी खाली उतरायला वाट मिळते. त्याच्या खाली जाऊन नाल्यात खोल चर पाडला, तर उलटं होऊ शकतं: पाणी धरणारा थरच उघडा पडतो आणि आजूबाजूच्या शेतांखालचं पाणी त्या खड्ड्याकडे निघतं. खड्डा भरतो, फोटो सुंदर येतो. वरच्या बाजूच्या विहिरीची पातळी मात्र खाली जाते, आणि उघड्या पाण्याला एप्रिलचं ऊन पितं.

ही शंका माझ्या पदरची नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं आणि राज्यभर नाला खोलीकरणाची लाट आली, तेव्हाच अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी अंदाधुंद खोदाईविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाच्या आदेशावरून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२० मध्ये ‘कॅग’ने विधिमंडळापुढे ठेवलेल्या अहवालाने, ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही, असा ठपका ठेवला. तरी २.० नावाने अभियान पुन्हा आलं. या काळात चांगलीही कामं झाली. पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत २०१६ ते २०१९ या उन्हाळ्यांत गावांनी आधी हाताने आणि मग यंत्राने काम केलं, आणि माथ्यापासून पायथ्याकडे उपचार करायचे हा धडा निदान उच्चारला तरी गेला. पण माथ्यावरचे उथळ चर मैलभर खोदले तरी नजरेत भरत नाहीत. नाल्यातला एक खड्डा भरतो. आणि पोकलेनला नाला आवडतो: डोंगरउतारावर चढण्यापेक्षा सपाटीवर एका जागी उभं राहून गरागरा फिरणं त्याला सोपं, मालकाला तासाला परवडणारं.

ऑपरेटरला मी विचारलं, किती खोल जायचं हे कोण सांगतं?

“ज्याची ट्रॉली त्यो सांगतो,” तो हसला. “कुणी म्हणतं अजून घ्या. सरपंच येतात, ते म्हणतात बास. साहेब आले तर टेप लावतात. मला काय, मीटर चालूच हाय.” मग जरा थांबून त्याने पाझर तलावाच्या एका कोपऱ्याकडे हात केला. “तिथं खाली कडक लागलं हुतं. तिथं मी सोताच थांबलो. गाळ सपला तिथं काम सपलं.”

थांबण्याचा निर्णय त्या दिवशी एका माणसाने आवाजावरून, आणि स्वतःच्या तासाचं नुकसान सोसून, घेतला होता. सगळेच ऑपरेटर असा घेणार नाहीत आणि त्यांनी तो घ्यावा अशी अपेक्षा धरणंही अन्यायाचं आहे. यंत्र गावात आणणाऱ्यांनी ती जबाबदारी त्याच्या दोन दांड्यांवर टाकू नये.

तेव्हा ग्रामसभांना एकच विनंती. पुढच्या उन्हाळ्यात पोकलेन सांगण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. तिथे भूवैज्ञानिक असतात. आपल्या नाल्यात मुरूम किती आणि मांजऱ्या कुठे सुरू होतो ते त्यांच्याकडून लिहून घ्या. तलाव असेल तर मूळ तळाची पातळी जुन्या कागदांतून काढा. मग बांधाच्या दगडावर रंगाने खोलीची खूण करा, ठराव करून. आणि त्या ठरावाची एक प्रत ऑपरेटरच्या केबिनमध्ये चिकटवा, म्हणजे ट्रॉलीवाला ‘अजून घ्या’ म्हणाला तर त्याला बोट दाखवायला काहीतरी असेल.

संपादकांचा रोबोट मी आणला आहे. अठरा मीटरचा नाही, पण तो रोज कामावर जातो.