आपल्या तेलबियांचे वंगण : कृती व कसोटी

गाडीचा आख कुरकुरू लागला म्हणजे गाडीवानाने खाली उतरून त्यास एरंडेलाचे वंगण द्यावे, हे आम्ही लहानपणी नित्य पाहिले आहे. सांप्रत नांदेड व लातूर जिल्ह्यांत गाड्या कमी होऊन कडबाकुट्टी, मळणीयंत्र व पंप आले. परंतु लोखंड लोखंडावर घासू नये ही गरज तीच राहिली. तेव्हा आपल्याच तेलबियांचे तेल या यंत्रांस का चालू नये, असे पुष्कळ कास्तकार बंधू विचारतात. त्याचे उत्तर यथामति देतो.

प्रथम आमचीच चूक सांगतो. तहसील कचेरीतील कारकुनी संपवून आम्ही शेताकडे वळलो, त्या वर्षी घरच्या करडईचे तेल कडबाकुट्टीच्या बेअरिंगांस घातले. आठ दिवस यंत्र उत्तम चालले. पुढे पावसाळाभर ते बंद राहिले. नंतर उघडून पाहतो तो आत तेलाची राळेसारखी चिकट खळ झालेली! बेअरिंगे बदलावी लागली व तोवर जनावरांपुढे अखंड कडबा टाकावा लागला.

असे का झाले? प्रत्येक वनस्पतितेल म्हणजे ग्लिसरिन व स्निग्धाम्ले यांचा संयोग होय. ज्या आम्लात दुहेरी बंध अधिक, ते हवेतील प्राणवायू लवकर शोषून घट्ट होते. करडईच्या तेलात असे लिनोलिक आम्ल शंभरात सुमारे ७५ भाग, तर सोयाबीनमध्ये निम्म्याहून अधिक असते. जे तेल ताटात उत्तम, ते आखावर उत्तम असेलच असे नाही. करंजाच्या तेलात मात्र सुमारे निम्मे ओलिक आम्ल असते व त्यात दुहेरी बंध एकच. एरंडेलात रिसिनोलिक आम्ल शंभरात ९० च्या आसपास असून ते धातूस घट्ट धरते. याच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून १९०९ साली विलायतेत ‘कॅस्ट्रॉल’ हे वंगणाचे नाव पडले.

आता एस्टरचा विचार करू. तेलात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक पोटॅश घालून तापविले असता ग्लिसरिन खाली बसते व मिथिल एस्टर वर येतो. करंजतेलात सुटे आम्ल बहुधा फार असते. त्याचा साबण होऊ नये म्हणून आधी गंधकाम्लाच्या साहाय्याने ते आम्ल एस्टरात बदलून घेतात. परंतु मिथिल एस्टर फार पातळ असतो. तो जळणास योग्य, वंगणास नव्हे. त्यास ट्रायमिथिलॉलप्रोपेन नामक अल्कोहोलाशी निर्वातात तापवून मिथेनॉल काढून टाकले म्हणजे खरे वंगण मिळते. ग्लिसरिनच्या मधल्या कार्बनावर हायड्रोजन असल्याने तेल कडक उष्णतेत तेथे तुटते. या नव्या अल्कोहोलात तो दोष नाही. तथापि दुहेरी बंध तसेच राहतात, म्हणून मूळ तेल निवडूनच घ्यावे लागते. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे. हा प्रयोग घरी कोणी करू नये.

तयार वंगणाच्या कसोट्या अशा. ४० व १०० अंश सेल्सिअसला बारीक काचनळीतून ते किती वेळात वाहते यावरून दाटपणा काढतात. ४० अंशांस एरंडेल सुमारे २५० सेंटिस्टोक, तर इतर बहुतेक खाद्यतेले ३० ते ४० भरतात. आम्लांक पाहतात, कारण सुटे आम्ल धातू खाते. तांब्याची घासलेली पट्टी तापल्या तेलात तीन तास बुडवून तिचा रंग पाहतात. शेवटी चार गोळ्यांची परीक्षा : तीन पोलादी गोळ्या तेलात घट्ट बसवून चौथी त्यांवर ४० किलो भाराने, मिनिटास १२०० फेऱ्यांनी तासभर फिरवितात. गोळ्यांवरील व्रण जितका लहान, तितके वंगण सरस.

कास्तकारास साधी परीक्षा घरीही करता येते. स्वच्छ पत्र्यावर तेलाचा पातळ हात फिरवून धूळ लागणार नाही अशा जागी आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवावा. बोट चिकटू लागल्यास ते तेल यंत्रास घालू नये. उघड्या आखास, रहाटास व साखळीस एरंडेल चालते; मात्र जुने पुसून मगच नवे द्यावे. खनिज तेलात ते नीट मिसळत नाही, म्हणून दोन्ही एकत्र करू नयेत. ट्रॅक्टरच्या इंजिनात कारखान्याने सांगितलेलेच तेल घालावे.

वनस्पतिवंगण मातीत सांडले तर खनिज तेलापेक्षा लवकर कुजून जाते, आणि विहिरीकाठी यंत्र चालविणारास हा लाभ थोडका नव्हे. बांधावरील एरंडी व रस्त्याकडेचा करंज आपलेच आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा, पण परीक्षेवाचून करू नये, एवढीच आमची विनंती.