टॅबमध्ये अडकलेली जागा

नालासोपारा-विरारच्या चाळींत विंडोज ८.१ चा जुना टॅब मुलांच्या अभ्यासाला येतो. ३२ जीबी जागा भरली की पालक नोट्सच पुसतात. मायबापहो, थांबा! बिघाड झाल्यास टॅब पूर्ववत करणाऱ्या फाइली त्याच्याच पोटात कित्येक जीबी अडवून बसलेल्या असतात. रिकामा पेन ड्राइव्ह जोडा. त्यातले सारे पुसले जाते, म्हणून लग्नाचे फोटो असलेला नको. 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधून रिकव्हरी पार्टिशन कॉपी करा. शेवटी पार्टिशन काढण्याची विचारणा होते. कॉपी पूर्ण झाली असेल तरच होकार द्या. काही टॅबवर ही विचारणाच येत नाही, तिथे हट्ट नको. मग तो पेन ड्राइव्ह चिठ्ठी लावून रेशनकार्डाशेजारी ठेवा. गाणी भरायला कुणालाही देऊ नका.