सिकलसेलच्या औषधांची कसोटी : चाचणीत कोण सहभागी आहे, हे भिलाईसाठी का महत्त्वाचे?

भिलाई, १९ जून : भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्यानंतर छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून तसेच शेजारच्या विदर्भातून आलेली असंख्य कामगार कुटुंबे या नगरीत स्थिरावली. या दोन्ही प्रदेशांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. भिलाईपासून जवळच असलेल्या रायपूर जिल्ह्यात साडेतीन लाखांहून अधिक व्यक्तींची तपासणी करण्यात आली होती. तीत सुमारे ९ टक्के लोक या विकाराचे वाहक असल्याचे दिसून आले. या रुग्णांना कोणते औषध द्यावे, किती मात्रेत द्यावे आणि त्याचा धोका किती, या प्रश्नांची उत्तरे वैद्यकीय चाचण्यांतून, म्हणजेच क्लिनिकल ट्रायलमधून मिळतात. आजच्या जागतिक सिकलसेल दिनानिमित्त या चाचण्यांचा इतिहास पाहिला, तर त्यांत कोणत्या देशांतील रुग्ण सहभागी होते, हा मुद्दा प्रकर्षाने पुढे येतो.

आजार नेमका काय?

या विकारात तांबड्या रक्तपेशींमधील हिमोग्लोबिनची रचना बदललेली असते. प्राणवायूचे प्रमाण घटले की या पेशी कोयत्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, छाती व पोटात असह्य वेदनांचा झटका येतो. वारंवार रक्त चढवावे लागणे, जंतुसंसर्ग, प्लीहेची हानी आणि पक्षाघात हे पुढचे धोके होत. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला मात्र सहसा कोणताही त्रास होत नाही. त्यामुळे पुष्कळ कुटुंबांना मूल आजारी पडल्यावरच या दोषाचा पत्ता लागतो.

चाचणीची पायरी

कोणतेही नवे औषध प्रयोगशाळा आणि प्राण्यांवरील अभ्यासानंतर माणसांपर्यंत येते. पहिल्या टप्प्यात थोड्या व्यक्तींवर त्याची सुरक्षितता पाहिली जाते. दुसऱ्या टप्प्यात योग्य मात्रा आणि परिणामाची चिन्हे तपासली जातात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो वा हजारो रुग्णांची दोन गटांत विभागणी होते. एका गटाला नवे औषध मिळते, तर दुसऱ्याला प्रचलित उपचार किंवा औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली जाते. कोण कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरते. दुहेरी अंध पद्धतीच्या चाचणीत ते रुग्णालाही ठाऊक नसते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही. औषध बाजारात आल्यानंतरचे निरीक्षण हा चौथा टप्पा. ही सारी खबरदारी घेण्याचे कारण साधे आहे. वेदनेचे झटके कधी आपोआपही कमी होतात. तुलना केली नाही, तर त्याचे श्रेय औषधाला दिले जाण्याचा संभव असतो.

जुन्या औषधाचा नवा उपयोग

सिकलसेलच्या उपचारात आज सर्वाधिक वापरले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया हे मुळात कर्करोगावरील औषध आहे. ते शरीरातील गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि पेशींना कोयत्याचा आकार येण्यास प्रतिबंध करते. अमेरिका व कॅनडातील २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांना वर्षाला सुमारे अडीच झटके आले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांना साडेचार. फरक इतका ठळक होता, की चाचणी नियोजित मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मान्यता मिळाली.

मात्र हे निष्कर्ष आफ्रिकेतील बालकांना जसेच्या तसे लागू होतील का, याविषयी शंका होती. हायड्रॉक्सीयुरियामुळे पांढऱ्या रक्तपेशी कमी होतात. जेथे हिवताप आणि कुपोषण घरोघरी आहे, तेथे औषधाने संसर्ग वाढेल, अशी भीती होती. त्यामुळे अंगोला, कांगो लोकशाही प्रजासत्ताक, केनिया आणि युगांडा या देशांत एक ते दहा वर्षे वयोगटातील ६०६ मुलांवर हे औषध वापरून पाहण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वेदनेचे झटके, रक्त चढवण्याची गरज आणि मृत्यू यांत घट दिसून आली. हिवतापाचे प्रमाणही वाढण्याऐवजी घटले. तर्काने उभी राहिलेली भीती प्रत्यक्ष चाचणीनेच दूर केली.

नागपूरचा धडा

भिलाईहून रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेल्या नागपूरने या विषयात मोलाची भर घातली आहे. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलची जनुकीय पार्श्वभूमी आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळी असून तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बऱ्याचदा अधिक असते. त्यामुळे भारतातील आजार सौम्य असतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. नागपूर आणि मध्य भारतातील डॉक्टरांचा अनुभव मात्र निराळा होता. येथील कित्येक मुले वारंवार झटक्यांनी रुग्णालयात येत होती.

नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांवर दुहेरी अंध चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील चाचणीत रुग्णाला सोसवेल तितकी मात्रा वाढवत नेली जात होती. नागपुरात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम अशी कमी आणि स्थिर मात्रा देण्यात आली. तेवढ्यानेही झटके आणि रक्त चढवण्याचे प्रसंग कमी झाले. वाढीव मात्रेसाठी वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. तपासणीची सोय दूर असलेल्या गावांसाठी कमी मात्रेचा हा निष्कर्ष म्हणूनच व्यवहाराच्या दृष्टीने मोठा ठरतो.

मान्यता मिळाली आणि परतही गेली

नवे औषध म्हणजे अधिक चांगले औषध, हे गृहीत धरता येत नाही. व्होक्सेलोटर या औषधाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले आणि त्या आधारावर २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला त्वरित मान्यता दिली. हिमोग्लोबिन वाढले तरी वेदनेचे झटके कमी झाल्याचे सिद्ध झालेले नव्हते. पुढील अभ्यासांत झटके आणि मृत्यू यांविषयी चिंताजनक आकडे समोर आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने हे औषध जगभरातून मागे घेतले. क्रिझानलिझुमॅब या औषधाचीही सुरुवात आशादायक होती. तिसऱ्या टप्प्यातील मोठ्या चाचणीत मात्र निष्क्रिय उपचाराच्या तुलनेत लाभ दिसला नाही आणि २०२३ मध्ये युरोपने त्याची मान्यता रद्द केली. मान्यतेनंतरही निरीक्षण का चालू ठेवावे लागते, याची ही दोन ठळक उदाहरणे आहेत.

जनुक-संपादनावर आधारित कॅसजेव्ही उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. चाचणीत पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण किमान सलग वर्षभर तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. भारतातही 'बिरसा १०१' या नावाने स्वदेशी जनुक-संपादन उपचाराची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. त्याची खरी परीक्षा मानवी चाचण्यांत होईल.

कायद्याचे संरक्षण

भारतात या चाचण्यांवर २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांचे नियंत्रण आहे. प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची संमती आवश्यक असते. या समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत कायदेतज्ज्ञ, सामान्य नागरिक व महिला यांचा समावेश बंधनकारक आहे. चाचणीच्या ठिकाणी स्वतःची समिती नसेल, तर त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या परिघातील अन्य समितीची संमती चालते. भिलाईच्या दृष्टीने रायपूर या परिघात येते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. गंभीर दुष्परिणामाची माहिती संशोधकाने २४ तासांच्या आत कळवावी लागते.

याच नियमांनुसार परदेशात मान्यता मिळालेल्या काही औषधांना भारतातील स्थानिक चाचणीतून सूट देता येते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये यासाठी अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ यांची नावे निश्चित केली. दुर्मीळ आजारांवरील औषधे तसेच जनुक व पेशी उपचार यांचा सवलतीच्या प्रकारांत समावेश आहे. अशा सवलतीने औषध लवकर उपलब्ध होते. परंतु ज्यांची जनुकीय पार्श्वभूमी, आहार आणि संसर्गाचे प्रमाण वेगळे आहे, अशा रुग्णांवर त्याचा परिणाम कसा होतो, हे मग वापर सुरू झाल्यावरच कळते. आफ्रिका आणि नागपूर येथील चाचण्यांचे महत्त्व येथे ध्यानात येते.

सहभागी होण्यापूर्वी

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, ही त्याची उद्दिष्टे आहेत. तपासणी वाढेल तसे अधिक रुग्ण उपचारांच्या कक्षेत येतील आणि चाचणीत सहभागी होण्याची विचारणाही अधिक कुटुंबांना होऊ शकेल.

अशा वेळी काही प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. चाचणी कोणत्या टप्प्यात आहे? निष्क्रिय गोळी मिळण्याची शक्यता किती? सध्या चालू असलेले हायड्रॉक्सीयुरिया बंद करावे लागेल का? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का आणि त्याचा खर्च कोण करील? संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, मग ती मराठी असो, हिंदी असो वा छत्तीसगडी. दिलेली संमती कोणत्याही क्षणी मागे घेता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. देशात होणाऱ्या चाचण्यांची नोंद भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे. ही नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि तो या नोंदवहीत पडताळून पाहावा.