लिलावातील मोटार आणि तिच्या पोटातील वीज

मे 2011 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात शेव्हरोले व्होल्ट या मोटारीची धडक-चाचणी झाली. मुख्यतः विजेवर आणि गरजेला पेट्रोलवर चालणारी ही मोटार कुशीच्या बाजूने एका खांबावर आदळवली, नोंदी घेतल्या आणि ती आवारात नेऊन उभी केली. तीन आठवडे काहीच घडले नाही. मग जूनमध्ये तिने पेट घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या गाड्याही जळाल्या. बॅटरीच्या पेटीला धडकेत इजा झाली होती, तिला थंड ठेवणारे द्रव गळले होते, आणि बॅटरीतील वीज काढून घेतलेली नव्हती, असे चौकशीत आढळले.

ही मोटार कशी, कुठे आणि किती वेगाने आदळली हे चाचणी घेणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. लिलावात अपघातग्रस्त विद्युत मोटार घेणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते.

अमेरिकेत दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला की विमा कंपनी मालकाला भरपाई देऊन मोटार आपल्या ताब्यात घेते. तिच्या कागदपत्रांवर 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो आणि ती कोपार्टसारख्या लिलाव कंपन्यांकडे जाते. तेथे बहुतेक ग्राहक छायाचित्रे पाहूनच बोली लावतात, आणि मोटार 'जशी आहे तशी' विकली जाते. (आपल्याकडेही दुरुस्तीचा खर्च विमा-मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला, की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते.)

पेट्रोलची गाडी मोडीत निघते तेव्हा बहुधा तिच्याकडे पाहूनच कारण कळते. विद्युत मोटारीत बॅटरी सहसा तळाशी, बैठकीखाली असते. रस्त्यातील दगडावर तळ घासला आणि पेटीला पोचा आला, तर आत काय झाले ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि नवी बॅटरी हा मोटारीतला सर्वांत महाग भाग. मग विमा कंपनी हात वर करते. ग्राहकाला मात्र दिसतो चकचकीत रंग, शाबूत काचा आणि पडलेली किंमत. आमच्या मते, मोटार जितकी धडधाकट दिसेल तितका 'मग ही मोडीत का निघाली?' हा प्रश्न अधिक नेटाने विचारायला हवा.

आता पेटीच्या आत डोकावू. सुरुवातीच्या निसान लीफ मोटारीत 192 लिथियम-आयन घट होते. दोन-दोन समांतर जोडून अशा 96 जोड्या एकसर जोडलेल्या. एकूण विभवांतर सुमारे 360 व्होल्ट आणि साठा 24 युनिट विजेचा. प्रत्येक घटात धनाग्र आणि ऋणाग्र यांच्या पातळ पट्ट्यांमध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. त्याची जाडी सुमारे 20 मायक्रोमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या चौथ्या हिश्श्याइतकी. धडकेत हा पडदा चुरगळला किंवा फाटला की घटातल्या घटातच शॉर्ट सर्किट होते. उष्णता वाढते, 130 अंश सेल्सिअसच्या आसपास पॉलिएथिलीनचा पडदा वितळू लागतो, आतील सेंद्रिय द्रव पेटू शकते. निकेल-कोबाल्टयुक्त धनाग्र तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडते. त्यामुळे हवा तोडून ही आग विझत नाही. एक घट शेजारच्याला तापवतो आणि साखळी सुरू होते. लोह-फॉस्फेटचे धनाग्र पुष्कळ शांत, पण तेही निर्धोक नव्हे.

येथे वर्गात एक गणित घालता येईल. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे 9 युनिट ऊर्जा मिळते. म्हणजे 24 युनिटची बॅटरी पुरते तीन लिटर पेट्रोलही नव्हे! मग एवढी धास्ती कशाची? उत्तर असे की पेट्रोल नळी लावून काढून टाकता येते. वीज 192 बंद घटांत विभागलेली असते. अपघात होताच संपर्क-स्विच उघडतात आणि नारिंगी रंगाच्या जाड तारांमधील प्रवाह तुटतो. पेटीच्या आत मात्र पूर्ण विभवांतर तसेच राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2020 च्या अहवालात या 'अडकून पडलेल्या ऊर्जे'चा धोका अग्निशामकांच्या दृष्टीने मांडला आहे.

पुरात बुडालेली मोटार हा आणखी फसवा प्रकार. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळात न्यूअर्क बंदरातील फिस्कर कर्मा मोटारी समुद्राच्या पाण्यात बुडाल्या आणि त्यांतील 16 जळाल्या. कंपनीने दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे: ठिणगी मोठ्या बॅटरीतून नव्हे, तर 12 व्होल्टच्या नियंत्रण-यंत्रणेत साचलेल्या मिठामुळे पडली. 2022 मध्ये इयान वादळानंतर फ्लोरिडातही खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विद्युत मोटारी पाणी ओसरल्यावर पेटल्या.

पाणी ओसरल्यावर का? पुठ्ठ्याची एक पट्टी मिठाच्या दाट पाण्यात भिजवून कडकडीत वाळवा. मल्टिमीटरने तिचा रोध मोजा. मग तिच्यावर तोंडाची वाफ सोडा आणि पुन्हा मोजा. रोध झपाट्याने उतरतो, कारण मीठ जागचे हललेले नसते. दमट हवा लागली की वाट पुन्हा खुली होते. हा प्रयोग कोरड्या पट्टीवरच करावा, घरातील विजेशी त्याचा संबंध आणू नये.

महिनोन्महिने लिलावाच्या आवारात उभे राहण्यानेही हानी होते. घट अतिशय रिकामा झाला तर ऋणाग्रामागील तांब्याची पट्टी विरघळू लागते. तो पुन्हा भरताना ते तांबे भलत्या ठिकाणी जमा होते आणि पडदा भेदू शकते. म्हणून 'चार्ज झाली, चालली' एवढ्यावर समाधान मानू नये.

तपासण्याजोगे काही आहे का? आहे. प्रत्येक घटाचे व्होल्टेज मोटारीच्या संगणकातून वाचता येते. एखादी जोडी इतरांपेक्षा खाली असेल तर तेथे गडबड आहे. दुसरी चाचणी बॅटरी आणि मोटारीचा सांगाडा यांमधील रोधाची. एकदिश प्रवाहासाठी दर व्होल्टमागे किमान 100 ओहम हे प्रमाण आहे. 360 व्होल्टला 36,000 ओहम. ओहमच्या नियमाने गळती होते 10 मिलिअँपिअर. पण हे काम प्रशिक्षित कारागिराचे, रबरी हातमोजे घालून करण्याचे. आणि लिलावाच्या आवारात बोलीपूर्वी ते करू देतीलच असे नाही.

खरेदीनंतरही अडचण असते. टेस्लाने सॅल्व्हेज शिक्क्याच्या मोटारींना आपल्या केंद्रांवर जलद चार्जिंग नाकारल्याचे 2020 मध्ये उघड झाले. आणि बॅटरीला इजा झालेली मोटार इमारतींपासून 50 फूट, म्हणजे सुमारे 15 मीटर, दूर उघड्यावर ठेवावी, अशी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाची सूचना आहे. स्वस्तात मिळालेली मोटार घेऊन येणारा मनुष्य ती पहिल्या रात्री उभी करतो ती बहुधा घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये.