‘सरपंचपती’ नावाचं पद कुठल्या कायद्यात आहे?

जालना जिल्ह्यात मंठ्यापासून भोकरदनपर्यंत कुठल्याही गावात सरपंचांची चौकशी करा. बरेचदा एखादे भाऊ पुढे येतात. गाडीच्या काचेवर ‘सरपंच’, लग्नपत्रिकेत ‘सरपंचपती’. खरी सरपंच असलेली वहिनी कापूस वेचायला गेलेली. मासिक सभेत टेबलापाशी भाऊ बसतात आणि प्रोसिडिंग बुक सहीपुरतं घरी जातं. विचारलं की ठरलेलं उत्तर: “जागा महिलेची, म्हणून नाव तिचं. कारभार नवऱ्यानं पाहिला तर चालतं कायद्याला.”

नाही चालत! किती वेळा सांगायचं? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 उघडून बघा. सरपंच गैरहजर असला तर अधिकार उपसरपंचाकडे जातात. नवरा, दीर, सासरा यांचा त्यात उल्लेखही नाही. ग्रामनिधीच्या खात्यावर सही सरपंच आणि ग्रामसेवकाची. उद्या बिलात घोळ निघाला तर कलम 39 खाली पदावरून जाणार वहिनी. भाऊंना साधी नोटीसही त्या कलमाखाली निघत नाही, कारण त्यांच्याकडे पदच नाही. म्हणजे मिरवायचं एकानं आणि निस्तरायचं दुसरीनं. हा प्रकार देशभर इतका बोकाळला की केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाला 2023 मध्ये त्यावर समिती नेमावी लागली.

पुढाऱ्याच्या बायकोनं निवडणूक लढवणं गैर नाही, हेही तितकंच खरं. तिला पद नवऱ्याच्या खुर्चीमुळे मिळतं, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी जालना शहर आठवावं. काँग्रेसचे कैलास गोरंट्याल 2014 ला विधानसभा अवघ्या 296 मतांनी हरले. 2016 ला त्यांच्या पत्नी संगीता गोरंट्याल थेट जनतेतून नगराध्यक्ष झाल्या, तेव्हा घरात आमदारकी नव्हती. तिकडे स्वीडनचे उल्फ क्रिस्टेरसन 2022 ला पंतप्रधान झाले. त्यांच्या पत्नी बिर्गिता एड चर्चमध्ये धर्मगुरू. नवऱ्याचं काम नवऱ्याचं, बायकोचं बायकोचं. आपल्याकडे एवढंच का जमू नये?

बाकीचे गैरसमज किरकोळ. बाईनं फक्त राखीव जागेवरच उभं राहायचं? चूक, 2011 पासून असलेलं 50 टक्के आरक्षण ही किमान मर्यादा आहे, खुल्या जागेवरही तिचा तितकाच हक्क. महिला सभा म्हणजे हळदीकुंकू? तीही चूक. नियमित ग्रामसभेआधी ती घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्या गावात शेवटची कधी झाली, ते प्रोसिडिंग बुकात बघून या.