चवदार तळ्याला अक्षांश का सापडत नाही?

ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी भरलेला जगाचा नकाशा. २००४ साली इंग्लंडमध्ये तो सुरू झाला. त्याच्या संकेतस्थळावरून महाड-पोलादपूरचा तुकडा कुणालाही एक्सएमएल फाइल म्हणून फुकट उतरवून घेता येतो. सावित्री, गांधारी, चवदार तळं, आंबेनळी घाट असल्या ओळखीच्या नावांवर प्रोग्रामिंगचा हात बसवायचा, तर यासारखा सराव नाही. पण फाइलीतून ॲट्रिब्यूटची किंमत काढताना नवशिके ज्या समजुतींपायी अडतात, त्या जवळपास ठरलेल्या आहेत. ('नोड', 'वे', 'रेफ' अशी खाली अवतरणात दिलेली नावं मूळ फाइलीत रोमन लिपीत असतात.)

गैरसमज : एक्सएमएल म्हणजे मजकूरच. अवतरणचिन्हांमधलं शोधून कापून घेतलं की झालं.

<ठिकाण नाव="महाड" जिल्हा="रायगड"/> ही ओळ बघून तसं वाटतं खरं. (इथे 'ठिकाण' हा एलिमेंट, 'नाव' आणि 'जिल्हा' हे त्याचे ॲट्रिब्यूट.) पण उद्या कुणी जिल्हा आधी आणि नाव नंतर लिहिलं, दुहेरीऐवजी एकेरी अवतरणचिन्हं वापरली किंवा मध्येच नवी ओळ घेतली, तरी फाइल तितकीच वैध असते. ॲट्रिब्यूटच्या क्रमाला एक्सएमएलमध्ये अर्थच नाही. शिवाय जुनी नोंद कॉमेंटमध्ये टाकून ठेवलेली असेल, तर कापाकापी करणारा प्रोग्राम तीही उचलून आणतो. हे सगळे नियम पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचून त्याचे भाग सुटे करणाऱ्या प्रोग्रामला, पाठ असतात, आणि पायथनमध्ये एलिमेंटट्री हा पार्सर भाषेसोबतच येतो. त्याला फाइल द्या, हवा तो एलिमेंट शोधा आणि त्यावर 'गेट' म्हणून ॲट्रिब्यूटचं नाव सांगा. एवढंच काम.

गैरसमज : नकाशातल्या प्रत्येक वस्तूला अक्षांश-रेखांशाचे ॲट्रिब्यूट असणारच.

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये अक्षांश-रेखांश फक्त 'नोड'ला, म्हणजे एका बिंदूला असतात. चवदार तळ्यासारखं क्षेत्र किंवा मुंबई-गोवा महामार्गाचा तुकडा 'वे' म्हणून नोंदवतात. 'वे'च्या पोटात असते ती नोडच्या क्रमांकांची यादी. तेव्हा आधी सगळे नोड वाचून क्रमांकाप्रमाणे साठवायचे, मग 'वे'मधला एकेक 'रेफ' ॲट्रिब्यूट घेऊन त्या साठ्यात बघायचं. तळ्याचा काठ असा बिंदू-बिंदूने हाती येतो. थेट 'वे'कडे अक्षांश मागितला, तर पायथन 'नन' देतो आणि पुढच्या ओळीत प्रोग्राम कोसळतो. ब्राउझरातली जावास्क्रिप्ट 'नल' देते. जावाच्या डॉम पद्धतीत मात्र रिकामी स्ट्रिंग मिळते, म्हणजे ॲट्रिब्यूट नाहीच की आहे पण रिकामा, हे कळत नाही. ते आधी 'हॅजॲट्रिब्यूट'ने विचारून घ्यावं लागतं. माझ्या मते यात पायथनचं वागणं बरं. निदान चूक लपत नाही.

नावाचंही असंच. 'नाव' नावाचा ॲट्रिब्यूट नोडवर नसतोच. नोडच्या आत छोटे 'टॅग' एलिमेंट असतात, आणि प्रत्येकाला दोन ॲट्रिब्यूट : 'के' म्हणजे काय सांगतोय आणि 'व्ही' म्हणजे किती किंवा कोणतं. मराठी नाव हवं असेल, तर ज्याचा 'के' हा 'नेम:एमआर' आहे तो टॅग शोधायचा आणि त्याचा 'व्ही' वाचायचा.

गैरसमज : अवतरणात आकडा दिसला, म्हणजे तो आकडाच.

पार्सर देतो ती नेहमी स्ट्रिंग. रायगडाची उंची साधारण ८२० मीटर, प्रतापगडाची साधारण १०८०. दोन्ही किमती तशाच उतरत्या क्रमाने लावल्या, तर रायगड वर येतो, कारण अक्षरांच्या तुलनेत ८ हा १ पेक्षा मोठा! आधी आकड्यात रूपांतर करा. आणि एक गंमत : पायथनचं 'फ्लोट' देवनागरी अंकही बिनतक्रार वाचतं, जावास्क्रिप्टचं 'नंबर' मात्र वाचत नाही.

गैरसमज : हवी ती माहिती ॲट्रिब्यूटमध्येच असते.

२२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. त्यानंतर आपत्तीच्या इशाऱ्यांवर काहीतरी करून बघावं, असं या भागातल्या कुणालाही वाटेल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' यंत्रणा 'कॅप' या एक्सएमएल स्वरूपात इशारे देते, आणि कॅपच्या रचनेत तीव्रता, तातडी, क्षेत्र ही सगळी माहिती एलिमेंटच्या आतल्या मजकुरात असते. तिथे 'गेट' करून काहीच मिळणार नाही, 'टेक्स्ट' वाचावं लागतं. त्यात आणखी नेमस्पेसची, म्हणजे नावं कोणत्या शब्दसंग्रहातली हे सांगणाऱ्या पत्त्याची, खोच आहे. मुळावर एक नेमस्पेस जाहीर केलेला असल्याने एलिमेंटट्रीमध्ये प्रत्येक एलिमेंटचं नाव त्या लांबलचक पत्त्यासकट द्यावं लागतं, नाहीतर शोध रिकामा येतो. ॲट्रिब्यूटला मात्र हा मुळावरचा नेमस्पेस आपोआप लागत नाही. एलिमेंटसाठी पत्ता लावायची सवय झालेले लोक तो ॲट्रिब्यूटलाही लावतात आणि पुन्हा रिकाम्या हाताने परततात.

राहता राहिला एलिमेंटची नावं इंग्रजीतच हवीत हा समज. तो एक्सएमएलच्या १९९८ मधल्या पहिल्या आवृत्तीपासूनच खोटा आहे. वर छापलेली <ठिकाण> ची ओळ जशीच्या तशी पार्सरला दिली, तरी चालते.

आणि एवढं सगळं बरोबर करूनही आपल्या वाडीचं मराठी नाव मिळालं नाही, तर बहुधा ते अजून कुणी भरलेलंच नसेल. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडायला पैसे लागत नाहीत. नाव तुम्हीच भरा.